पाहुण्यानं तालमीला जायचं नसतं

‘गाडी पाठवतो’ असं ते म्हणाले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. बसनं गेलेला माणूस आपल्या मनानं परतू शकतो. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्याच्या वेळेला उठायचं, त्याच्या वेळेला जेवायचं आणि त्यानं सोडलं म्हणजे सुटायचं. पण लातूर ते नांदेड एसटीच्या मागच्या बाकावर आदळत जायचं माझं वय राहिलेलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मान मिळतोय म्हटल्यावर मलाही गुदगुल्या झाल्याच.

‘ते’ म्हणजे नांदेडचे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तिथल्या शिक्षक-शिक्षिकांचा चाळीस जणांचा गानवृंद उभा केलेला. मी लातूरच्या एका शाळेत तीस वर्षं संगीत शिकवलं आणि सोबत चाली लावत आलो. कुठल्याशा शिबिरात त्यांनी माझी एक चाल ऐकली होती, ती त्यांच्या डोक्यात बसली. वृंदाच्या वर्धापनदिनाला नवं गाणं हवं म्हणून त्यांचा फोन आला. शब्द त्यांच्याच एका शिक्षिकेचे होते. ‘काळ्या रानात उजेड पेरला, उगवून येईल उद्या.’ साधेच, पण गाता येणारे. मी ‘येईल’वर एक लांब जागा केली. ‘ये’वर सूर आठ मात्रा धरायचा आणि त्याच दमात वर चढून ‘ईल’ला टेकायचं. गाण्याचा सगळा जीव त्या एका दमात होता आणि ती जागा गाण्यात तीनदा येत होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्या काही महिने आधी लातूरच्या एका डॉक्टरनं मला छातीचा फोटो दाखवून सांगितलं होतं, की तुमची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. हे थांबत नाही, वेग तेवढा कमी करता येतो. चढताना दम लागेल, गाताना लागेल. ‘पुढच्या खेपेला घरचं कुणीतरी घेऊन या,’ म्हणाले. मी ‘हो’ म्हणालो आणि पुढच्या खेपेलाही एकटाच गेलो.

बायकोला मी सांगितलं नव्हतं. तिनं माझ्या आईचं सहा वर्षं अंथरुणातलं सगळं केलं. उठवणं, पुसणं, भरवणं, रात्रीचं जागणं. आई गेल्यावर एक दिवस ती माझ्याशी काही न बोलता बाजारात गेली आणि स्वतःसाठी चपला घेऊन आली. म्हणाली, ‘आता जरा फिरीन म्हणते.’ त्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की बाई गं, दुसरा रुग्ण तयार होतोय? हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती. बोललो की ते खरं होणार, असं काहीतरी वेड्यासारखं मनात बसलं होतं.

अडचण अशी की माझ्या बायकोच्या गळ्यात सूर नाही, पण कान असा की भल्याभल्यांनी घाबरावं. पस्तीस वर्षं माझी प्रत्येक चाल आधी तिच्या समोरून गेलेली. ती तांदूळ निवडत बसायची, मी पेटीवर गायचो. चाल बरी असेल तर निवडणं चालू राहायचं. कुठं काही खटकलं की हात थांबायचा. तेवढ्यावर मी चाली बदललेल्या आहेत. हे एकच गाणं मी शिकवणीच्या खोलीचं दार लावून केलं. तिनं एकदा विचारलं, ‘एवढं काय गुपित हाय त्या गाण्यात? नांदेडला दुसरं घर-बिर केलाव का काय?’ मी हसलो. ती हसली नाही. आणि नांदेडचं आमंत्रण पक्कं झालं तेव्हा म्हणाली, ‘मी पण येणार. तिथं तर ऐकायला मिळंल.’ नको म्हणायला मला एकही कारण सापडलं नाही.

असे आम्ही दोघं शनिवारी दुपारी नांदेडला पोचलो. लातूर आणि नांदेड म्हणजे सख्ख्या जावा. शेजारीशेजारी राहायचं आणि सासूनं कुणाला काय जास्त दिलं याचा हिशोब मरेपर्यंत ठेवायचा. आयुष्यात मी नांदेडला दोनदा गेलो होतो, तेही लग्नाला. गाव मला अगदीच परकं. कुठला रस्ता कुठं जातो, रिक्षा कुठं मिळते, काही ठाऊक नाही. मुख्याध्यापकांच्या घरात पाय टाकला आणि तांब्याभर पाणी हातात आलं. ‘प्या सर, गोदावरीचं हाय. तुमच्याकडं तर पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं!’ घरातले सगळे हसले. मीही हसलो. पहिल्या पाच मिनिटांत जाऊबाईंनी टोला मारून घेतला होता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला पाहुणचार म्हणतात, हे मला मान्य आहे. चहा झाला, लगेच पोहे. पोहे झाले, लगेच ‘थोडं पडा’. पडलो तर पाचच मिनिटांत गल्लीतले दोन गुरुजी दर्शनाला. ते बसलेले असतानाच पुन्हा चहा. मी चप्पल शोधायला उठलो तर चप्पल आत कपाटात ठेवलेली, ‘कुत्रं नेतंय सर.’ आमची खोली वरच्या मजल्यावर होती. अठरा पायऱ्या. मी प्रत्येक वेळी मधल्या वळणावर थांबून भिंतीवरचे घरातल्या लग्नांचे फोटो बघायचो. मुख्याध्यापकांना वाटलं, मला त्यांच्या खानदानात फार रस आहे. ते प्रत्येक फोटोतलं प्रत्येक माणूस समजावून सांगायला लागले. मला तेवढंच बरं, श्वास खाली बसेपर्यंत.

संध्याकाळी पाचला वृंदाची शेवटची तालीम होती. मी तयार होऊन बसलो. संगीतकारानं आपलं गाणं कार्यक्रमाआधी एकदा ऐकावं, यात जगावेगळं काय आहे? पण मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत खुर्चीत बसवलं.

‘सर, तुम्ही आमचे मेहमान. मेहमानानं तालमीला जायचं असतंय व्हय? लग्नाआधी नवरी बघतेत का कुणी?’

‘अहो, आधीच तर बघतात,’ मी म्हणालो.

‘उद्या एकदम ऐका की. सगळ्यांनी ठरवलंय, सरांना चकित करायचं. काहून घाई करून राहिलाव?’

त्यांच्या पत्नी माझ्या बायकोला घेऊन गुरुद्वाऱ्याला गेल्या. मुख्याध्यापक स्वतः तालमीला गेले. मी त्या घरात एकटा उरलो. एकटाही नाही, कारण त्यांची सून तालमीला जाण्याआधी घाईघाईनं भाकरी थापत होती. तीही शिक्षिका आणि वृंदातली. तवा तापेपर्यंत ती स्वतःशीच गुणगुणायला लागली आणि मी कान टवकारले, कारण ते माझं गाणं होतं. दुसऱ्याच्या गळ्यात मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगलं गात होती. ‘उगवून ये…’ आणि ती थांबली. चक्क श्वास घेतला. मग ‘…ईल उद्या.’

म्हटलं, भाकरी उलटायची असेल. पुन्हा तीच ओळ आली. पुन्हा तिथंच, ‘ये’च्या पोटात, गाणं तुटलं आणि जोडलं. भाकरी तेव्हा परातीत होती.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. ‘बाई, तिथं मध्येच का थांबता?’

ती गोंधळली. पिठाचा हात कपाळाला लागला. ‘चुकलं का सर? तुम्ही तसंच म्हणलाव की. आम्ही सगळेच तिथं थांबतो.’

हे माझंच कर्म होतं. मला स्वरलिपी लिहायचा पहिल्यापासून कंटाळा, आणि त्या कंटाळ्याला मी तत्त्वाचं नाव दिलेलं. गाणं कागदावर नसतं, गळ्यात असतं, असं मी शाळेत तीस वर्षं सांगितलं. म्हणून हे गाणंही मी कडवं-कडवं करून फोनवर गाऊन पाठवलं. गाताना ‘ये’वर पाच मात्रा झाल्या की माझा दम संपायचा. मी थांबायचो, श्वास घ्यायचो आणि वर चढायचो. थांबतोय हे मला कळत होतं. पण म्हटलं, गाणाऱ्यांना कळेलच, म्हातारा थकलाय, चाल काही थकलेली नाही. पूर्वी असतो तर दहादा गाऊन दहावं पाठवलं असतं. आता एकदा गायलं की अर्धा तास भिंतीला टेकून बसावं लागत होतं.

आणि कळणार कसं? आमच्याकडे गुरू गातो तसं गायचं असतं. विचारायचं नसतं. मी स्वतः ज्यांच्याकडे शिकलो त्यांना अंतऱ्याआधी खाकरायची सवय होती. मीही दोन वर्षं अंतऱ्याआधी इमानानं खाकरत होतो, तो चालीचाच भाग समजून. एकानं भर बैठकीत हसून दाखवलं तेव्हा सुटलं. माझ्यासमोर आता चाळीस खाकरणारे होते, आणि ते खाकरत नव्हते, माझ्यासारखे धापा टाकत होते. आणि समोर पहिल्या रांगेत माझी बायको बसणार होती.

वृंद बसवणाऱ्या एक गणिताच्या बाई होत्या. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, पण बोलायचं कुठं? बैठकीत तोपर्यंत आणखी दोन गुरुजी येऊन बसले होते आणि माझ्या जन्मगावाची चौकशी करत होते. शेवटी मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली, नळ सोडला आणि फोन लावला. बासष्ट वर्षांचा माणूस बादलीवर बसून कुजबुजतोय, असं ते दृश्य.

‘बाई, ‘येईल’वर तुम्ही थांबता.’

‘हाव सर!’ त्यांना आनंद झाला. मागून पेटीचा आवाज येत होता. ‘पाचव्या मात्रेनंतर. तुम्ही घेता तसंच. तीन महिने त्याच्यावरच घासून राहिलो आम्ही. चाळीस जणानं एकदम तुटायचं आणि एकदम उचलायचं, सोपं न्हाई सर.’

‘तिथं थांबायचं नाहीये.’

त्यांनी मागची पेटी थांबवायला सांगितली. ‘म्हणजे?’

‘आठ मात्रा. एका दमात.’

‘सर,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘उद्या साडेदहाला कार्यक्रम हाय. नऊला हॉलवर येता का?’

तेवढ्यात दारावर थाप पडली. बैठकीत बसलेल्यांपैकी एक गुरुजी. ‘सर, गरम पाणी येतंय ना बरोबर? तकलीफ असंल तर सांगा.’

रविवारी सकाळी नऊला हॉलवर पोचायचं म्हणून मी सातलाच अंघोळ करून खाली आलो. मुख्याध्यापकांनी वाटेत तीन घरं ठरवून ठेवली होती. पहिल्या घरी दूध, दुसऱ्या घरी एका मुलीचं गाणं, तिसऱ्या घरी नुसतं बसणं. बसण्यासाठीच बसणं. मी घड्याळ बघितलं की ते म्हणायचे, ‘आपल्याशिवाय सुरू होतंय का सर? तुम्हीच तर नवरदेव.’ काल माझं गाणं नवरी झालं होतं, आज मी नवरदेव झालो होतो. हॉलवर पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाईंनी रंगमंचामागच्या खोलीत सगळ्यांना उभं केलेलं होतं. जांभळ्या काठाच्या साड्या आणि पांढरे सदरे. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, ‘‘येईल’ला थांबायचं न्हाई. सरळ जायचं.’ गाणं सुरू झालं. त्या जागी निम्मे थांबले आणि निम्मे चढले. पंगतीत निम्मे लोक उठावेत आणि निम्म्यांचा भात वाढून व्हायचा असावा, तसा घोळ. पुन्हा घेतलं. आता जे मघाशी चढले होते ते थांबले. एक वयस्कर गुरुजी म्हणाले, ‘बाई, तीन महिने एक गिरवलं, आता दहा मिनिटात दुसरं कसं गिरवावं?’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

बाई मला बाजूला घेऊन गेल्या.

‘सर, रागावू नका. ते थांबणं चालीत नव्हतं का?’

‘नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये नेटवर्कची गडबड झाली.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गणिताच्या बाई त्या. ‘सर, नेटवर्क आवाज कापतंय. श्वास घेत न्हाई.’ मग लगेच मान खाली घातली. ‘मी तुमचे निरोप रोज ऐकले, कानात घालून. पहिल्या निरोपात तुम्ही सहा मात्रा जाता. शेवटच्यात पाचपण न्हाई. मला वाटलं, गाणं तसंच केलंय सरांनी, मुद्दाम. मी कुणाला काही बोलणार न्हाई.’

त्या क्षणी मी त्यांना म्हणायला हवं होतं, की गाणंच काढून टाका. तोंडापर्यंत आलं होतं. पण दाराशी ते चाळीस जण होते. शाळा सुटल्यावर, स्वयंपाक उरकून, पोरांना कुणाकडे तरी ठेवून तीन महिने आलेले. मी म्हणालो, ‘तुम्ही बसवलंय तसंच होऊ द्या.’

बाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्यांचा राग आला. माझी कीव करायला कुणी सांगितलं होतं यांना?

एकच मार्ग उरला होता. गाणं ऐकायच्या आधी बायकोला गाठायचं आणि दोन वाक्यांत सांगून टाकायचं. मी हॉलमध्ये आलो. ती पहिल्या रांगेत होती, पण तिच्याभोवती बायकांचं कडं. तिची ओटी भरणं चाललेलं. एक जण कुंकू लावतेय, एक पदरात खण-नारळ टाकतेय, एक गजरा माळतेय. मी दोनदा हात केला. तिनं बायकांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून खूण केली, ‘घाम पुसा.’ मी पुढं सरकलो तेवढ्यात मुख्याध्यापकांनी मला दंडाला धरलं. माईकवरून माझं नाव पुकारलं गेलं होतं.

रंगमंचावर सोफा होता. मऊ, खोल, माणूस बसला की गुडघे छातीला लागावेत असा. माझ्या डाव्या बाजूला मुख्याध्यापक, उजव्या बाजूला उद्घाटक. डोक्याला फेटा इतका आवळून बांधला की भुवया वर गेल्या. खांद्यावर शाल, तिच्यावर हार, मांडीवर नारळ, नारळावर स्मृतिचिन्ह. मे महिन्यात नांदेडला ज्यानं शाल पांघरली आहे त्यालाच मी काय म्हणतोय ते कळेल. मला श्वास घ्यायला जागा हवी होती आणि सगळे मिळून माझ्यावर मान चढवत होते. उठून जावं तर उठताच येत नव्हतं. प्रास्ताविक झालं, परिचय झाला, त्यात माझ्या तीस वर्षांची चाळीस झाली. बाराला दहा कमी असताना पडदा सरकला आणि वृंद उभा राहिला.

सुरुवात सुरेख झाली. खोटं कशाला बोलू, मीच माझ्या गाण्यावर खूश झालो. बायको थोडी पुढं सरकून बसली होती, हनुवटीखाली हात घेऊन. ‘काळ्या रानात उजेड पेरला.’ तिनं मान डोलावली. ‘उगवून ये…’

चाळीस जण थांबले. चाळीस जणांनी मिळून श्वास घेतला. माईक चांगले होते. तो आवाज हॉलभर गेला.

‘…ईल उद्या.’

शेजारून उद्घाटक पुटपुटले, ‘वा, काय जागा आहे!’ मी बायकोकडे बघत होतो. तिचं डोलणं थांबलं होतं. तिला वाटलं असेल, यांची चूक. तिनं कपाळाला आठी घातली, वृंदाकडे जरा रागानंच बघितलं. दुसऱ्या कडव्याला पुन्हा ती जागा आली. पुन्हा तिथंच तुटलं, आणि तसंच तुटलं. दम संपत आला की मी सूर किंचित खाली सोडतो, तोही त्यांनी उचललेला होता. पस्तीस वर्षं माझ्या शेजारी झोपलेल्या बाईला तो श्वास कुणाचा आहे हे कळायला तिसरं कडवं लागलं नाही. ती वृंदाकडे बघायची थांबली. माझ्याकडे बघायला लागली. 

मी फेट्याखाली, शालीखाली, हाराखाली बसून होतो. तोंड कुठं लपवणार? तिसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकलो नाही. नारळाच्या शेंडीकडे बघत बसलो. माझा आठ महिन्यांचा चोरटेपणा चाळीस जण ताला-सुरात, टाळ्या घेत गात होते.

टाळ्या खूप झाल्या. उद्घाटक बोलायला उठले आणि त्यांनी त्या थांबण्यावरच दहा मिनिटं घेतली. म्हणाले, हा जो खंड आहे ना, यात आपल्या मराठवाड्याचा सगळा सोसलेपणा आहे. माणूस अडतो, पण मोडत नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला उत्तरादाखल बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, वृंदाचे आभार मानले आणि तीन वाक्यांत बसलो. ‘सर किती विनम्र,’ असं मुख्याध्यापक माईकवर म्हणाले.

जेवताना बायका-पुरुषांच्या पंगती वेगळ्या होत्या. माझ्या पानात आग्रहानं तिसरी पुरणपोळी पडली. ती पलीकडच्या पंगतीत सगळ्यांशी हसून बोलत होती. मला ओळखीचं होतं ते हसणं. आई आजारी असताना भेटायला येणाऱ्यांसाठी ती ठेवायची, तेच. निघताना गणिताच्या बाई तिच्या पाया पडायला वाकल्या. तिनं त्यांना उठवून जवळ घेतलं आणि जरा वेळ सोडलं नाही. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

तीनला आम्ही गाडीत बसलो. ड्रायव्हर मुख्याध्यापकांच्या ओळखीतला, बडबडा माणूस. लोहा आलं, गेलं. अहमदपूर आलं, गेलं. त्यानं रस्त्याचं काम, कापसाचा भाव, मुलाचा क्लास सगळं सांगून घेतलं. बायको ‘हो का’, ‘अरे वा’ म्हणत होती. माझ्या बाजूची काच बंद होती, तिचीही बंद होती. दोघांमध्ये सीटवर नारळांची पिशवी. मी दोनदा तिचा हात धरायचा विचार केला आणि दोनदा पिशवी नीट केली.

चाकूरच्या अलीकडे ड्रायव्हरनं एका हॉटेलसमोर गाडी लावली. ‘पाच मिनिटं सर. चहा मारून येतो. तुम्हाला पाठवू का?’ आम्ही नको म्हणालो. तो गेला. दार बंद झालं आणि गाडीत एकदम शांत झालं. इतकं की मला माझा श्वास ऐकू यायला लागला. तिलाही येत असणार.

‘किती दिवस झाले?’ ती समोर बघत म्हणाली.

‘आठ महिने.’

‘डॉक्टर काय म्हणतेत?’

मी सांगितलं. फुप्फुसं, फोटो, औषधं. थांबत नाही, वेग कमी होतो. मी बोलत असताना तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या सहा वर्षांचंही सांगितलं. चपलांचंही सांगितलं. म्हटलं, तुला पुन्हा त्याच्यात घालायचं नव्हतं.

‘ते मी ठरवलं असतं,’ ती म्हणाली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. ‘चाळीस माणसाला सांगितलाव तुम्ही. नांदेडच्या. कधी तोंड बघितलेलं न्हाई अशा. त्यांनी तीन महिने तुमचा दम मोजला. त्या बाईला मात्रेसकट माहीत हाय. आणि मी एका भिंतीच्या पलीकडं बसले होते.’

मी ‘चुकलं माझं’ म्हणालो. ते फार लहान वाटलं, म्हणून परत एकदा म्हणालो. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग मधली नारळांची पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली आणि माझ्याकडे सरकली.

‘म्हणा,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘गाणं. पहिल्यापासून. माझ्यापुढं म्हणलंच न्हाई तुम्ही ते. लागंल तिथं थांबा.’

ड्रायव्हर हॉटेलातून हात पुसत परत येत होता. तिनं काच खाली केली आणि त्याला हाक मारली. ‘दादा, अजून एक चहा घ्या तुम्ही. आम्हाला वेळ लागंल.’